ओव्हनच्या आधी भिंत बघ

पुणे,
रविवार, सकाळी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला स्वयंपाकघराचा नकाशा मिळाला, कपाटात बसवायच्या तिन्ही विजेच्या ओव्हनची माहितीपत्रकंही मिळाली. "यातला कुठला घेऊ ते एका शब्दात सांग," असं फोनवर म्हणालास, पण हे एका शब्दात सांगण्यासारखं नाही. काल रात्री सगळं नीट वाचलं आणि आता चहा घेऊन पत्राला बसलोय. शनिवारी ट्रॉल्यांवाल्याला होकार देण्याच्या आत हे वाच. काकूंनाही वाचून दाखव, कारण यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

तिन्ही ओव्हन मला बरे वाटले. तिन्ही ६० सेंटिमीटर रुंद, आतली जागा ७० लिटरच्या आसपास, वर-खाली कॉइल, मागे पंखा. त्यांच्यातला फरक शेवटी सांगतो. आधी चिपळूणच्या तुमच्या घराच्या त्या भिंतीत काय आहे ते बघ, कारण माझं चुकलं ते तिथेच.

आम्ही ओव्हन घेतला तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला, "घरात मोठा पॉइंट आहे ना? मग झालं तर." तो पॉइंट ओट्याखालच्या कपाटात होता, आणि त्याच वायरवर पुढे गीझर जोडलेला होता. ते तेव्हा ना त्यानं विचारलं, ना मी. दीड महिना केक होत राहिले, काही कळलं नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी नानकटाईचा तिसरा घाणा आत होता आणि मुलानं आंघोळीसाठी गीझर लावला. थोड्या वेळानं वास आला. मला वाटलं नानकटाई लागली. पण तो लोणी करपल्याचा वास नव्हता, डोळ्यांत जाणारा, कडवट वास होता. कपाट उघडलं तर धूर. मेन स्विच पाडला आणि प्लग ओढला, तर तो निघेना. सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून पिनेला चिकटलं होतं. जोर लावून काढला तेव्हा पितळी पीन निळी-काळी झालेली, आणि मागे वायरचं आवरण बोटभर करपलेलं. त्याच कपाटात आम्ही कागदी पिशव्या घड्या घालून ठेवत होतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून हे गणित तू स्वतः करून बघ. ओव्हन ३,००० वॅटचा असेल आणि घरात २३० व्होल्ट येत असतील, तर तो १३ अँपिअर ओढणार. १६ अँपिअरचा पॉइंट तेवढं सोसतो, पण एकट्या ओव्हनचं. त्यावर गीझर आला की वायर तापायलाच लागते. तेव्हा मेन बोर्डापासून ओव्हनसाठी वेगळी तांब्याची वायर ओढून घे, ४ चौरस मिलिमीटरची, मध्ये कुठेही जोड नको, आणि तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आर्थिंग तपासून घे, जुन्या घरात ते फक्त कागदावर असतं. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही बघ. गीझर, एसी, पाण्याची मोटर आणि आता हा ओव्हन, एवढं त्यात बसतं का ते तुमच्या वायरमनला विचार. आता भिंती उघड्या आहेत तोवर हे काम एका दिवसाचं आहे. टाइल्स लागल्यावर तेच काम आठवडाभर रडवतं.

सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागे घेऊ नकोस. तिथे प्लग आला की ओव्हन तेवढा पुढे राहतो, खाचेत पूर्ण बसत नाही. शेजारच्या कपाटात घे, म्हणजे गरज पडली तर हात घालून बंद करता येईल. तिथे पिशव्या ठेवू नका एवढंच.

तुमच्याकडची आणखी एक गोष्ट पुण्यातल्या दुकानात कुणी सांगणार नाही. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडतं, हे मी दरवेळी आलो की बघतो. व्होल्टेज थोडं पडलं तरी कॉइलची ताकद बरीच जास्त पडते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी २०० आले तर ३,००० वॅटची कॉइल २,३०० वॅटच्याही खाली येते, म्हणजे जेमतेम तीन चतुर्थांश. केक बिघडत नाही, पण ओव्हन तापायला वेळ घेतो, आणि कृतीत लिहिलेल्या मिनिटांवर विसंबलं तर मध्ये कच्चा राहतो. तेव्हा बेकिंग दुपारी करा, आणि ओव्हन तापत असल्याचा दिवा विझेपर्यंत आत काही घालू नका. पावसाळ्याचंही सांगतो. कॉइलच्या आतली भुकटी हवेतला ओलावा पिते. जूनपासून ओव्हन बंद पडून राहिला, तर गणपतीत पहिल्यांदा लावताना ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो आणि आपल्याला वाटतं ओव्हन गेला. आठ-दहा दिवसांतून एकदा, काही भाजायचं नसलं तरी, वीस मिनिटं रिकामा तापवून घे.

आता काकूंच्या स्वयंपाकाचं. तुला तुमचा तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आठवतो? झाकणात कॉइल, वर काचेची खिडकी, आणि आपण दोघं कॉलेजमधून येऊन त्या काचेला नाक लावून केक फुगतोय का बघत बसायचो. त्यात उष्णता फक्त वरून यायची, म्हणून केक वरून लवकर रंगायचा आणि काकू त्यावर कागद झाकायच्या. तो अंदाज त्यांच्या हातात आहे. माझ्या आजीच्या हातात तर चुलीचा होता. तिचं धोंडस तू खाल्लंयस. पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून शिजवलेलं मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतायची, खाली मंद विस्तव, वर ताटलीवर निखारे. अधूनमधून ती ताटलीवर चार बोटं अंतरावर तळहात धरायची आणि मग चिमट्यानं खालचे दोन निखारे उचलून वर ठेवायची. तेवढ्यात सगळं होतं. खालून शिजलं पाहिजे, वरून रंग आला पाहिजे, आणि ही दोन कामं वेगवेगळ्या वेळी हवीत.

ओव्हन घेताना मी हेच बघतो: आजीचे दोन निखारे मला खालून वर नेता येतात का? म्हणजे फक्त खालची कॉइल, फक्त वरची आणि दोन्ही मिळून, असं तिन्ही निवडता आलं पाहिजे. तू पाठवलेल्या तिसऱ्या मॉडेलमध्ये खालची कॉइल एकटी लागतच नाही, दहा-बारा तयार कार्यक्रम आहेत आणि त्यातलाच एक निवडायचा. पिझ्झाचं चित्र, कोंबडीचं चित्र. काकूंना धोंडसाचं चित्र त्यात सापडणार नाही. गोव्यात बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाचा एकेक थर वरच्या आचेवर भाजतात, तिथेही वरची कॉइल एकटी चालणं हाच सगळा खेळ. तुझ्या सासुरवाडीकडून ती मागणी येणारच, म्हणून लिहिलं.

पंख्याचं काय? पंखा हवा, पण पंख्याभोवती स्वतःची गोल कॉइल असलेला हवा. नुसता पंखा वरच्या-खालच्या कॉइलची हवा फिरवतो, आणि दोन ट्रे एकदम ठेवले की खालचा ट्रे मागे राहतो. गोल कॉइल असली की गरम हवाच आत येते आणि दोन्ही ट्रे बरेचसे बरोबर होतात. दिवाळीत काकू पत्र्याचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजायला जायच्या, ती रांग आणि ट्रेवरची नावाची चिठ्ठी तुला सांगायला नको. आता ते दोन ट्रे घरात एका वेळी निघतील. पंखा लावला की कृतीत लिहिलंय त्यापेक्षा २० अंश कमी ठेवायचं, १८० लिहिलं असेल तर १६०. केक आणि धोंडसाला मात्र मी पंखा लावत नाही, वरचा पापुद्रा लवकर वाळतो आणि मध्ये तडकतो.

ओव्हन आला की पहिल्या दिवशी एक काम कर. जाळीवर साध्या पावाच्या स्लाइस शेजारी शेजारी मांड, पूर्ण जाळी भरून, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेव आणि बाहेर काढून बघ. कुठला कोपरा जास्त तांबूस, कुठला पांढरा, सगळं तिथे उमटतं. माझ्या ओव्हनचा मागचा डावा कोपरा तेज आहे, म्हणून मी अर्ध्या वेळात ट्रे फिरवतो. आणि आत टांगायचा स्टीलचा थर्मामीटर घेऊन ये. माझ्याकडे बटण १८० वर असताना आत १६५ असतात. हे कळेपर्यंत मी सहा महिने माझ्या हाताला दोष देत होतो.

नकाशात ओव्हन ओट्याखाली, शेगडीच्या खाली दाखवलाय. तो तिथून हलव, हे मी आग्रहानं सांगतो. काकूंचे गुडघे कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे. ओट्याखालचा ओव्हन म्हणजे दरवेळी वाकायचं, खाली उघडलेलं तापलेलं दार पोटऱ्यांपाशी, आणि त्यावरून हात लांब करून पाच-सहा किलोचं भरलेलं भांडं ओढून काढायचं. उभ्या कपाटात घे, फ्रिजच्या बाजूला. ओव्हनचं बूड जमिनीपासून ७५ ते ८० सेंटिमीटरवर ठेव, म्हणजे मधली जाळी त्यांच्या कोपराच्या आसपास येईल आणि आत काय चाललंय ते उभ्यानं दिसेल. शेजारी हातभर तरी ग्रॅनाइट मोकळा सोड. गरम ट्रे हातात घेऊन कुणालाही तीन पावलं चालायला लागू नयेत, आणि तुमच्या चिमुरडीची धावपळ सुरू असताना तर नाहीच.

सुताराला ओव्हनच्या मापावर खाच करू देऊ नकोस. कंपनीचं फिटिंगचं ड्रॉइंग आधी मागवून त्याच्या हातात दे. साधारण ५६ सेंटिमीटर रुंद, ५८ ते ६० उंच आणि आत किमान ५५ खोल एवढी मोकळी जागा लागते, पण मॉडेलगणिक पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि तेवढ्यानं अडतं. मागची फळी लावू नये, खाली-वर हवेला वाट ठेवावी. ओव्हन बंद केल्यावरही त्याचा थंड करणारा पंखा चालू राहतो, ती गरम हवा कुठेतरी गेली पाहिजे. आमच्या सुतारानं मागून पूर्ण बंद केलं होतं, वर्षभरात वरच्या शटरचा सनमायका कडेनं उचकटला. प्लाय समुद्री दर्जाचाच घे. तुमच्या पावसात एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, फुगतो.

आपोआप सफाईबद्दल विचारलंस. ज्यात आतला भाग ५०० अंशांच्या आसपास तापून चिकटलेल्याची राख होते, ती सोय छान असते पण महाग, आणि रोज मांस भाजणाऱ्या घराला ती जास्त उपयोगी. तुमच्याकडे महिन्यातून दोनदा भरलेलं पापलेट होणार, त्याला आतून गुळगुळीत एनॅमल आणि सुटी निघणारी दाराची काच पुरे. काच निघते का, हे दुकानात उभं राहून स्वतः काढून बघ. काकूंच्या मनाचा विचार करून माशांसाठी एक ट्रे आणि एक जाळी वेगळीच घे. कपाटात जागा लागते थोडी, पण काकू दिवाळीला निश्चिंत मनानं भट्टी लावतील.

महिन्यातून एक केक होणार असता तर मी तुला साधा टेबलावरचा ओटीजीच सांगितला असता, तो छोटा असतो आणि पटकन तापतो. ७० लिटरच्या पेटीला तापायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. पण तुमच्या घरात पाच माणसं, दर आठवड्याला पाव भाजणारी लेक, आणि काकू. तुमच्याकडे हा ओव्हन रिकामा राहणार नाही.

तिघांत माझं मत दुसऱ्याला. वरची-खालची कॉइल वेगळी चालते, पंख्याला गोल कॉइल आहे, दाराला तीन काचा आहेत म्हणजे बाहेरून कमी तापेल, आणि बटणं फिरवायची आहेत. ओल्या हातानं टचचा पडदा नीट चालत नाही, काकूंना तर तो अजिबात आवडणार नाही. फक्त एक चौकशी बाकी आहे: दुरुस्तीचा माणूस चिपळूणचा आहे की कोल्हापूरहून येणार? पैसे भरण्याआधी त्या माणसाला फोन लावून विचार. कोल्हापूर म्हणाला, तर पहिल्या मॉडेलचा माणूस कुठला ते बघ आणि मला कळव. दोघांत तेवढ्यासाठी पहिला घ्यायलाही माझी हरकत नाही.

नकाशावर मी पेन्सिलीनं सॉकेटची आणि उभ्या कपाटाची जागा दाखवून फोटो पाठवतोय. वायरमन बुधवारी येणार म्हणालास, तेव्हा तो फोटो त्याला दाखव. आणि काकूंकडून धोंडसाचं वाटीचं प्रमाण लिहून घे. आजीनं कधी मोजलं नाही, आणि आमच्याकडे आता विचारायला कुणी राहिलं नाही.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमुरडीला गोड पापा.

तुझा,
बाकावरचा जोडीदार