छोटूच्या नगेट्ससाठी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला, तो अजून कानात आहे. छोटू आठवड्यातून चार दिवस नगेट्सच मागतो, ऑफिसातून आल्यावर तुझ्यात वाद घालायचं त्राण नसतं, मग पाकीट फोडलं जातं. यात तुझं काही चुकलं असं मी मानत नाही. पण ज्या आजोबाने विट्याजवळ पंचवीस वर्षं पोल्ट्रीची शेड चालवली, त्याच्या नातवाने कोंबडी पाकिटातून खावी, हे मला रुचत नाही. म्हणून गेले पंधरा दिवस तुझी आई आणि मी, तू दिवाळीला दिलेल्या एअर फ्रायरपाशी बसलो होतो. जमलं ते कळवतो.

पाकिटातले नगेट्स एअर फ्रायरमध्ये टाकले की बिनतेलाचे होतात, हे मनातून काढ. त्यातले बहुतेक गोठवण्याआधी कारखान्यात एकदा तळलेलेच असतात. पाकीट उलटून तेल आणि सोडियम वाच, कळेल. यंत्रामुळे फक्त दुसरं तळण वाचतं.

हा पदार्थ मुळात आपल्यासारख्या पोल्ट्रीवाल्यांसाठी निघाला, हे तुला ठाऊक आहे का? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर नावाचे प्राध्यापक होते. शेतकऱ्यांची कोंबडी जास्त खपावी म्हणून त्यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या खिम्याच्या कांड्या करून दाखवल्या, आणि पेटंट न घेता कृती सगळ्यांना खुली केली. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. कातडीशिवाय खिमा एकसंध कसा राहावा, आणि वरचं आवरण सुटू कसं नये. आमच्या ओट्यावरही त्याच दोन आडव्या आल्या.

खिमा नुसत्या छातीचा घेऊ नकोस. छातीत चरबी कमी, गरम वाऱ्यात ती कोरडी पडते. अर्धा किलो बोनलेस घे, निम्मं छातीचं, निम्मं तंगडीचं, कातडी काढलेलं. सिंकमध्ये नळाखाली धुऊ नकोस, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात. तुकडे थंडगार असतानाच मिक्सरला थोडं थोडं फिरव, पेस्ट होऊ देऊ नकोस. त्यात लहान चमचाभर मीठ घालून हाताने चांगलं मळ. मिठाने मांसातलं प्रथिन सुटतं आणि गोळा चिकट होतो. तो एकसंध राहतो तो याच्यामुळे. मग दोन मोठे चमचे चक्का, आलं-लसूण, मिरपूड आणि तीन चमचे पोह्याची पूड. हात ओला करून चपटे तुकडे थाप आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. ही अर्ध्या तासाची पायरी टाळू नकोस.

आवरणाला आम्ही पहिल्यांदा भज्यासारखं बेसनाचं पातळ पीठ लावलं. ते सगळं जाळीतून खाली गळलं, तुकडे उघडे पडले. कढईत पीठ तेलात पडताक्षणी धरतं, इथे नुसता वारा असतो. मग तुझ्या आईने पातळ पोहे घेतले, जाडसर भरडले आणि कढईत दोन मोठे चमचे तेलावर बदामी होईस्तोवर परतले. सगळी युक्ती यातच आहे. कोरडा चुरा बारा मिनिटांत पांढराच राहतो. आधी परतला की रंगही येतो आणि कुरकुरीतपणाही. तुकडा अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून या चुऱ्यात दाबून घोळव. अर्ध्या किलोला तेल एवढंच लागतं, आणि तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवायचा प्रश्नच येत नाही.

यंत्र २०० अंशांवर तीन मिनिटं आधी तापव. तुकडे एका थरात, मध्ये फट ठेवून लाव. गर्दी झाली की वारा फिरत नाही आणि ते वाफवल्यासारखे मऊ होतात. बारा मिनिटं, सहाव्याला उलट. आत ७४ अंश भरले पाहिजेत. थर्मामीटर नसला तर सगळ्यात जाड तुकडा मोडून बघ. आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये. दिसलं तर आणखी दोन मिनिटं ठेव.

रोज करायची गरज नाही. रविवारी किलोभराचे कर, कच्चेच ताटात सुटे मांडून गोठव, मग पिशवीत भर आणि महिन्याच्या आत संपव. गोठलेले थेट १८० वर पंधरा मिनिटं, त्यातही मोडून बघायचं विसरू नकोस.

छोटूला चुऱ्यात घोळवायला बसव. इथे शेजारच्या पोराला बसवलं होतं, त्याने स्वतः केलेले सात खाल्ले, सॉस मागितला नाही. शनिवारच्या एसटीने आई पातळ पोहे आणि चक्क्याचा डबा पाठवतेय. चक्का आला की लगेच फ्रिजमध्ये ठेव.

तुझा,
बाबा