‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदयांस,
स. न. वि. वि.

मी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला कांदा उत्पादक शेतकरी. मे लागला की आमच्याकडे उठल्याबरोबर पुढच्या तीन दिवसांचा अंदाज पाहिला जातो. ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांसह वादळी वारे, हलका ते मध्यम पाऊस, पिवळा इशारा.’ हे वाक्य घरातल्या पोरांनाही पाठ झालंय. ते ऐकून आज वावरात काय करायचं, हे मात्र ठरत नाही.

हवामानाच्या भाषेत तुरळक म्हणजे फार तर चौथा हिस्सा ठिकाणं. आमचा जिल्हा पंधरा तालुक्यांचा. एका टोकाला घाटमाथ्यावरची इगतपुरी, दुसऱ्या टोकाला पावसाची वाट बघणारे येवला-नांदगाव. एकाच दुपारी मालेगावला अंगाची लाही होते आणि सुरगाण्यात वळीव कोसळतो. या सगळ्यांना मिळून एक वाक्य आणि एक रंग.

२०२५ चा मे आठवा. उन्हाळ कांदा काढून आम्ही वावरातच पोळ, म्हणजे ढीग, घातली होती, वर पातीचं झाकण. पिवळा इशारा होता, म्हणून दोन दिवस ताडपत्री टाकली. थेंबही आला नाही. ताडपत्रीखाली कांदा उबतो, त्याला वाफ धरते, म्हणून तिसऱ्या दिवशी ती काढली. चारच्या सुमारास डोंगराआडून ढग वर आले, वारं सुटलं आणि वीस मिनिटांत सरीत पाणी उभं राहिलं. तो कांदा सुकवून साठवणीच्या कांदाचाळीत भरला, पण श्रावणापर्यंत त्याला काजळी, म्हणजे काळी बुरशी, आली. दिवाळीपर्यंत ठेवायचा माल मिळेल त्या भावाने काढावा लागला. इशारा खोटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. माझा कोणावर राग नाही. तो माझ्या शिवारापुरता आणि वेळेवर मला कळला नाही, एवढंच दुःख आहे.

वळवाचा एखादा ढग अर्धा-पाऊण तासात भरतो आणि रिता होतो. तो कोणाच्या बांधावर फुटेल हे तीन दिवस आधी कोणीच सांगू शकत नाही, तशी मागणीही नाही. पण तो उभा राहू लागला की रडारवर दिसतो. पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज आपल्याकडे निघतोच. २६ मे २०२५ ला, मान्सून मुंबईत पोचला त्याच दिवशी, सहा किलोमीटरच्या जाळीवर, म्हणजे तेवढ्या-तेवढ्या चौकोनाचा वेगळा अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ देशाला अर्पण झाली. ग्रामपंचायतनिहाय अंदाज तर ऑक्टोबर २०२४ पासूनच सुरू आहे. मग वादळाचा रंगीत इशारा अजून जिल्ह्याच्या नावानेच का यावा? ‘दुपारी तीन ते सहा, चांदवड, देवळा, मालेगाव’ असा तो आला, तर आम्ही ताडपत्री कधी टाकायची आणि कधी काढायची हे ठरवू.

आणि तो ॲप उघडून शोधावा लागू नये. कांदा कापणाऱ्या बाईच्या हातात विळा असतो, फोन पिशवीत. २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा फोन आपोआप कर्कश वाजले होते. तसाच इशारा, मराठीत, त्या भागातल्या टॉवरवरून द्या. वीज पडण्याआधी माणसं झाडाखालून निघतील.

उन्हाचंही थोडं सांगतो. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, की उष्णतेची लाट धरतात. मालेगावची सरासरीच चढी, त्यामुळे तिथे ४२ अंशांना लाट म्हणत नाहीत. पण कांदा काढणारी टोळी त्याच उन्हात वाकलेली असते, आणि ढग दाटले की उकाड्याने जीव आणखी घाबरा होतो. अंदाजात दमटपणा धरून ‘अकरा ते चार उघड्यावर काम नको’ असं स्पष्ट लिहिलं, तर मुकादमाला ते दाखवता येईल.

आमची ताडपत्री बांधावर घडी करून ठेवलेली आहे. घरच्या चौघांना ती पसरायला अर्धा तास लागतो. तेवढं आधी कळावं, ही विनंती.

आपला,
चांदवड तालुक्यातील एक कांदा उत्पादक