सेंट्रल लाइनचे दिवस मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इस्पितळातल्या जंतुसंसर्गावर हल्ली पुष्कळ छापून येतं. औषधांना दाद न देणारे जंतू, महागडी अँटिबायोटिक्स, चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारे फार्मसीवाले. सगळं खरं आहे. पण उमेदीची वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या माझ्यासारख्या नर्सला या चर्चेत एक वस्तू कुठेच सापडत नाही, ती म्हणजे रुग्णाच्या मानेत घातलेली सेंट्रल लाइन.

ही बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचते. सलाईन, रक्तदाब टिकवणारी औषधं तिच्यातून जातात. अत्यवस्थ माणूस तिच्याशिवाय वाचवणं अवघड, हे मान्य. पण एरवी कातडी ज्या जंतूंना बाहेर ठेवते, त्यांना तीच नळी रक्तापर्यंत नेऊन सोडते. नळीच्या बाहेरच्या तोंडाला हब म्हणतात. दर वेळी औषध देण्याआधी ते हब स्पिरिटच्या बोळ्याने पंधराएक सेकंद घासून, सुकू द्यायचं असतं. ऐकायला काहीच नाही. रात्रपाळीला दोन सिस्टर, समोर आठ रुग्ण, त्यांतले तिघे व्हेंटिलेटरवर, एकाचा पंप वाजतोय आणि दाराबाहेर नातेवाईक तावातावाने बोलताहेत, अशा वेळी ते पंधरा सेकंद कुठून काढायचे? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तो पाळला जातो का, हे कुठल्याही मोठ्या इस्पितळात रात्री दोन वाजता जाऊन बघावं.

आपल्याकडच्या हवेची आणखी एक गंमत. लाइनवरचं पारदर्शक ड्रेसिंग नियमाने सात दिवस चालतं. कड सुटली किंवा ओल धरली तर मात्र लगेच बदलायचं. एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन यंत्र जरा नरम पडलं की घामाने तिसऱ्याच दिवशी कड उचलते. स्टोअरमध्ये नवीन नसेल, तर कुणीतरी वरून मायक्रोपोरची पट्टी मारून मोकळं होतं. ती पट्टी दिसली की माझं डोकं अजून फिरतं.

मग एके दिवशी रुग्णाला हुडहुडी भरते. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का हे बघायची तपासणी, जातं, निदान जायला हवं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, बाटलीत पुरेसं रक्त भरून. नातेवाईक म्हणतात, 'सिस्टर, किती रक्त काढणार? आधी इंजेक्शन द्या.' डोस आधी गेला की कल्चरमध्ये जंतू उगवेलच याची खात्री नाही. कातडी नीट पुसली नाही, तर कातडीवरचाच जंतू उगवतो आणि त्याच्यावर नाहक जड औषध चालू होतं. खरा जंतू सापडला की बऱ्याचदा तो क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर निघतो. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर अशी रांग, मेरोपेनेमसारख्या जड अँटिबायोटिकपुढेही आर. आर म्हणजे रेझिस्टंट. उरतं कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक, आणि ते मूत्रपिंडाला सोसेल की नाही याची धास्ती.

यावरचा उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. लाइन घालताना हात धुणं, अंगभर निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने कातडी स्वच्छ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं, एवढ्या पाच गोष्टी तिथे कटाक्षाने पाळल्या. दीड वर्षात संसर्गाचं प्रमाण ६६ टक्क्यांनी घटलं. नवं औषध एकही नाही. आणि एखादी पायरी चुकली, तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता. आपल्याकडे मोठ्या सर्जनला 'सर, ग्लोव्ह्ज बदला' म्हणणाऱ्या सिस्टरचं पुढे काय होतं, ते सांगण्यात अर्थ नाही.

दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने चाललेल्या देशव्यापी नोंदींत हजार लाइन-दिवसांमागे नऊच्या आसपास रक्तसंसर्ग आढळले. लाइन-दिवस म्हणजे एका रुग्णाला एक दिवस लाइन असणं. ही मोजणी करायला संगणकही लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी फेरी मारायची, किती रुग्णांना लाइन आहे ते वहीत लिहायचं. ही वही ठेवणारी इस्पितळं आहेतही, पण तिच्यातला आकडा बाहेर कुणाला दिसत नाही. गोव्यात खाटा किती वाढल्या, नवी यंत्रं किती आली, हे आपण उद्घाटनाच्या फोटोसकट वाचतो. हा आकडा मात्र कुठल्याच फोटोत नसतो.

आरोग्य खात्याकडे माझं मागणं आहे की, प्रत्येक इस्पितळाने, सरकारी असो वा खाजगी, अतिदक्षता विभागाच्या दारावर दर महिन्याचे लाइन-दिवस आणि रक्तसंसर्ग लिहावेत. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, सुरुवात तिथून व्हावी. पहिल्या महिन्यात आकडा वाईट दिसेल. दिसू दे. शून्य लिहिणाऱ्याने आधी कल्चर किती पाठवली ते दाखवावं; तपासणीच केली नाही, तर संसर्ग सापडणार कुठून?

दुसरं मागणं अगदी छोटं. पेडणे, सत्तरी, काणकोणहून किंवा थेट सिंधुदुर्गातून रुग्ण बांबोळीला येतो, तेव्हा हाताला सलाईनची सुई किंवा मानेत लाइन आधीच असते. ती कधी घातली, घाईत घातली की नीट तयारीने, हे सोबतच्या कागदावर बहुधा नसतं. घाईत, निर्जंतुकपणाची खात्री नसताना घातलेली लाइन अठ्ठेचाळीस तासांत बदलायची असते. पण तास मोजायचे कुठून? रेफरलच्या छापील कागदावर 'लाइन घातल्याची तारीख, वेळ, जागा' असे तीन रकाने वाढवावेत आणि ते कोरे असतील, तर घेणाऱ्या इस्पितळाने पाठवणाऱ्याला त्याच वेळी फोन करून विचारावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली