आधी शांत होऊ द्या, मग शिकवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या अभ्यासाबद्दल, ॲडमिशनबद्दल पेपरात भरपूर छापून येतं, पण दोन-तीन वर्षांचं पोर घरात जमिनीवर लोळण घेतं, हातपाय आपटतं, हाताला लागेल ते फेकतं तेव्हा मोठ्यांनी नेमकं करायचं काय यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी लहान मुलांना शिकवते, पालकांशी रोज बोलणं होतं, आणि कितीतरी घरांत एक गोष्ट उलटी चाललेली दिसते. मूल रडून लाल झालेलं असतं आणि नेमकी तेव्हाच त्याची शिकवणी सुरू होते. "शहाणी मुलं असं करतात का? दादाला का मारलंस? आधी सॉरी म्हण. म्हण ना!" अहो, त्या वेळी यातलं काहीही त्याच्या डोक्यात शिरत नसतं.

राग आणि भीती मुलाला अगदी लहानपणापासून येते, पण त्या रागाला लगाम घालणारा मेंदूचा जो पुढचा भाग आहे, कपाळामागचा, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. मग तीन वर्षांच्या मुलानं "गप्प बस" म्हटल्यावर गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची नाही का? ते नाटक करत नसतं, त्याला त्या क्षणी खरोखरच जमत नसतं.

आणि हे काही आजकालच्या मुलांचं खूळ नाही बरं का, मोबाईल-टीव्ही नव्हते तेव्हाही हेच होतं. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयांना मुलांच्या रागाची रोजची नोंद ठेवायला सांगितली होती, तो अभ्यास १९३१ साली छापून आला, आणि त्यातही बहुतेक रडारड पाच मिनिटांच्या आत आटोपलेली दिसली. पुढे २००३ साली पोटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांनी आईवडिलांनी लिहून दिलेली वर्णनं तपासली तर असं दिसलं की राग सुरुवातीलाच टोकाला जातो आणि मग उतरतो, दुःख मात्र सोबत चालूच असतं आणि शेवटी शेवटी मूल कुशीत यायला बघतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण नेमकं तेव्हाच म्हणतो, "आता कशाला आलास, जा तिकडे!"

एक रोजचा प्रसंग घ्या. बाहेर निघायची घाई आहे, चार वर्षांची मुलगी बुटाचा पट्टा स्वतः लावायला बसलीय, जीभ बाहेर काढून, पट्टा दोनदा निसटतो. आई वाकते आणि पटकन लावून टाकते. झालं, मुलगी तो पट्टा ओढून काढते, बूट भिरकावते आणि आकांत. इथे "एवढ्याशा गोष्टीसाठी?" हे वाक्य सगळ्यात आधी तोंडात येतं, ते गिळायचं. तिच्यासाठी ती एवढीशी गोष्ट नाहीये. खाली बसायचं, तिच्या उंचीला यायचं, आवाज खाली आणायचा आणि एकच वाक्य बोलायचं, "तुला स्वतःलाच लावायचा होता ना, राग आला." मग गप्प. ती जवळ घेऊ देत असेल तर घ्यायचं, ढकलत असेल तर शेजारी बसून राहायचं. बूट परत फेकायला लागली तर हात हलकेच धरायचा, "फेकू देणार नाही मी, लागेल कुणाला तरी," बस, लेक्चर नको. श्वास जरा हळू झाला, हुंदके सुटे सुटे झाले की मग विचारायचं, तू लावतेस की मी अर्धा धरू? आणि फेकाफेकीबद्दल जे काय बोलायचंय ते रात्री झोपताना, दोन वाक्यांत.

भावनेला नाव दिल्यानं ती थोडी उतरते हे मोठ्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन काढूनही दिसलंय, लीबरमन या मानसशास्त्रज्ञांचा २००७ चा अभ्यास आहे. लहान मुलांकडे तर हे शब्दच नसतात, ते आपणच द्यायचे असतात, राग आला, भीती वाटली, कंटाळा आला, हेवा वाटला.

आता मोबाईल. रडायला लागलं की हातात फोन, पोर दोन सेकंदात गप्प, घरात शांतता. मला कळतं, दमलेला माणूस दुसरं काय करणार. पण त्यात मूल स्वतःहून शांत व्हायला शिकतच नाही, फक्त लक्ष दुसरीकडे जातं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांना शांत करायला वारंवार मोबाईल-टॅब दिला जायचा, त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांमध्ये, पुढे भावनांचा भडका जास्त होता.

काही लोक म्हणतात, एवढं समजून घेतलंत तर डोक्यावर बसतील. नाही बसत. राग चालेल, मारणं चालणार नाही, हे दोन्ही एकदम सांगता येतं. "नाही" म्हटलेलं "नाही"च ठेवायचं, रडला म्हणून देऊन टाकलं तर पुढच्या वेळी अजून जोरात रडेल, आणि तो शहाणाच म्हणायचा, कारण आपणच ते शिकवलं. फक्त "नाही" म्हणताना आपण स्वतः ओरडायचं नाही, कारण मूल आपल्याच आवाजावरून स्वतःचा आवाज लावतं. "मुलगा असून रडतोस?" आणि "पोलीस घेऊन जाईल हं" ही दोन वाक्यं तर घरातून कायमची हद्दपार करा, आजी-आजोबांनाही प्रेमानं सांगा.

बाकी अर्धी भांडणं भूक आणि झोपेचीच असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि खेळ बंद करायचा असेल तर जरा आधी सांगा, अचानक उचलू नका.

मूल स्वतःला इजा करून घेत असेल, रडता रडता श्वास धरून निळं पडत असेल, किंवा पाच वर्षांनंतरही रोज तेवढंच बेफाम होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, "होईल मोठा झाल्यावर नीट" म्हणून थांबू नका.

संपादकांना विनंती एवढीच, की या विषयावर आपल्या पेपरात नियमित जागा द्या, आणि ती फक्त महिलांच्या पानावर नको, बाबा लोक वाचतात त्या पानावर द्या.

आपली नम्र,
एक बालवाडी शिक्षिका