सदर अभिलेख आढळून येत नाही : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात दोन सरकारी कागद एका दिवसाच्या अंतराने माझ्या हाती आले. पहिला, माहितीच्या अधिकारात मी केलेल्या अर्जाचे उत्तर. त्यात एकच ओळ होती : 'सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.' दुसरे होते एक परिपत्रक, जे माझ्या जुन्या शाळेतील एका तरुण शिक्षिकेने मला आणून दाखवले. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील एक लोककथा १५० शब्दांच्या आत, प्रमाण भाषेत, आठ दिवसांत पाठवावी, असा त्यात आदेश होता. "सर, तुम्ही यातले जाणकार, तुमच्याकडची एखादी द्याल का?" असे तिने विचारले. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, म्हणून आपल्याला विचारतो आहे.

आढळून न येणारा हा अभिलेख म्हणजे ६३ कॅसेट आणि ११ वह्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना १९८९ ते २००७ या काळात, जिथे बदली होईल त्या गावी, मी जात्यावरच्या ओव्या, श्रावणातल्या कहाण्या, गावदेवीच्या आणि वेशीवरच्या वीरगळांच्या (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांच्या) दंतकथा ध्वनिमुद्रित केल्या. टेपरेकॉर्डर माझा, सेल माझ्या पगारातले, रजाही माझीच. सात वर्षांपूर्वी कॅसेटवर बुरशी दिसू लागली, तेव्हा एका शासकीय कार्यालयाने आवाज संगणकावर उतरवून घेण्याचे, मूळ कॅसेट परत देण्याचे आणि ज्या गावाचे ध्वनिमुद्रण त्या गावाला त्याची प्रत देण्याचे आश्वासन दिले. त्यावर विसंबून मी सारे त्यांच्या स्वाधीन केले. पोचपावतीवर लिपिकाने ६३ च्या जागी ३६ लिहिले. चूक दाखवली, तर "नंतर दुरुस्त करू" असे उत्तर मिळाले. तो छत्तीसचा आकडा आजही कायम आहे, पावतीवरही आणि त्या कार्यालयाच्या व माझ्या संबंधांतही.

त्यानंतर मी त्या कार्यालयाच्या पायऱ्या एकूण १४ वेळा चढलो. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा कपाटाची किल्ली दौऱ्यावर होती, एकदा कार्यालयच दुसऱ्या इमारतीत गेले होते आणि 'स्थलांतरात काही सामान इकडेतिकडे झाले' असे मला सांगण्यात आले. माझ्या पत्नीने साड्यांच्या कपाटातील एक कप्पा कॅसेटसाठी मोकळा करून दिला होता. तो अजून रिकामा आहे. ती तिथे दुसरे काही ठेवत नाही.

त्या कॅसेटवर काय होते, ते एकाच उदाहरणाने सांगतो. शिळासप्तमीची कहाणी आपल्याला ठाऊक असेल. राजा तळे बांधतो, पाणी लागत नाही, जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. पुढे सुनेच्या व्रताने तो मुलगा तळ्यातून जिवंत परत येतो. डोंगराकडेच्या एका वाडीत सत्तरीच्या एका आजींनी ही कहाणी मला सांगितली आणि मुलगा पाण्यात गेला तिथेच त्या थांबल्या. पुढचे विचारले, तर म्हणाल्या, "पुस्तकातलं पोर परत येतं गुरुजी. आमचं न्हाई येत." त्या वाडीची निम्मी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती, हे मला नंतर कळले. सांगणारीचे नाव, तिचे गाव, सांगण्याचा प्रसंग आणि तिची बोली काढून टाकली की उरते ती पोथीतली कहाणी, आणि ती तर कोणत्याही दुकानात मिळते. आता हे सारे १५० शब्दांत, प्रमाण भाषेत कसे बसवायचे, याचा नमुना आपल्या खात्याने परिपत्रकासोबत जोडला असता तर बरे झाले असते.

जात्यावरच्या ओव्यांची तर याहून वाईट गत आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. कितीतरी बायकांना खुंटा हातात आल्याशिवाय ओवी आठवत नसे, म्हणून मी आधी मूठभर ज्वारी मागून घेत असे आणि मग टेपरेकॉर्डर सुरू करत असे. ही युक्ती कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही.

हे काम कसे करायचे हे महाराष्ट्राला माहीत नाही, असेही नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मुलीने १८६८ साली दख्खनच्या कथांचा संग्रह छापला, त्यात कथा सांगणाऱ्या आयेचे, ॲना लिबराटा डिसूझा हिचे, नाव तर दिलेच, शिवाय तिची जीवनकथाही तिच्याच तोंडून दिली. गोऱ्या साहेबाच्या मुलीला जे सुचले ते आपल्या कार्यालयांना दीडशे वर्षांनंतरही सुचू नये? लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. सरोजिनी बाबर यांनी याच राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे ग्रंथांमागून ग्रंथ सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या नावागावासह नोंदवल्या. राईरकर-प्वातवाँ यांचे काम सरकारी नव्हते. म्हणूनच बहुधा ते आज सापडते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. त्या दाव्यासाठी ज्या गाथासप्तशतीचा, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील प्राचीन काव्यसंग्रहाचा, पुरावा दिला गेला, तिच्यात शेतावर राबणारी, नवऱ्याची वाट पाहणारी खेड्यातली माणसेच आहेत. त्या माणसांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दांवर आपण दर्जा मिळवतो आणि त्यांच्या आजच्या वारसांचे शब्द गोणीत भरून हरवतो. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत कहाणी सांगणारी दहा वृद्ध माणसे धरली, तरी ती २ लाख ८० हजार होतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण खात्याकडे अंदाज तरी आहे का? माझ्या कॅसेटवर ४१ बायका होत्या. त्यांतल्या आज सहा हयात आहेत आणि एकीची वाचा गेली आहे. आमच्याकडे गुरांची गणना होते, मतदारांची होते, शाळेतल्या खिचडीच्या ताटांची रोज होते, आणि यातल्या कितीतरी मोजण्या आम्हा शिक्षकांकडूनच करून घेतल्या जातात. तेवढी कहाणी सांगणाऱ्यांची मोजणी कोणीच मागितली नाही.

आपल्याकडे मागणे फार नाही. ते परिपत्रक मागे घ्यावे, किंवा निदान त्यातील शब्दमर्यादा आणि प्रमाण भाषेची अट तरी काढावी. कथेसोबत सांगणाऱ्याचे नाव आणि मूळ आवाज जपण्याची सक्ती करावी. गाणाऱ्या-सांगणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क देणारी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीपासून आपल्याच देशाच्या कॉपीराइट कायद्यात आहे. आणि ज्या इमारतीतून ते कार्यालय हलले, तिथले माळे कोणाला तरी एकदा पाहायला सांगावे. कॅसेट बुटांच्या सात खोक्यांत आहेत, प्रत्येक खोक्यावर निळ्या शाईने गावाचे नाव आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

ता. क. पोचपावतीची छायाप्रत जोडली आहे. तीत ३६ आहे तिथे कृपया ६३ वाचावे.