डिस्क क्र. ४७ मधल्या चिठ्ठीबद्दल

दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं दादा. मिरजेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. लग्नाला आणि गणपतीला स्पीकर देणारे, आणि समोर म्हातारं माणूस दिसलं की कुणी न सांगता आवाज उतरवणारे असे किती असणार?

बाबांच्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला तुमच्याकडे मी सगळ्यात शेवटी आले, हे आधी कबूल करते. स्पीकरवाल्याला यातलं काय कळणार, असं मनात होतं. घरात तसं बोललेही होते. तेव्हा या पत्रातला थोडा भाग माफीचा आहे.

बाबांच्या कपाटात दोनशे बारा सीडी. निम्म्याहून जास्त विकतच्या, त्यातही किराणा घराण्याच्या जास्त. मिरजेचा माणूस म्हटल्यावर ते आलंच. बाकीच्या घरच्या. दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणीबजावणी होतात, तिथे बाबा वर्षानुवर्षं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. त्या कॅसेट २००३ साली त्यांनी एकाकडून सीडीवर उतरवून घेतल्या. मूळ कॅसेट सांगलीला आत्याकडे होत्या, त्या २०१९ च्या पुरात गेल्या. आता जे काही आहे ते या सीडींवरच. त्यात बाबांच्या प्लेअरची लेन्स गेली, आणि दुरुस्त करणारा म्हणाला, आता याचे पार्ट येत नाहीत.

पहिला घोळ मीच घातला. शेजारच्या मुलाचा जुना लॅपटॉप आणला, सीडी घातली, ट्रॅक दिसले, ओढून पेन ड्राइव्हवर टाकले. एका संध्याकाळी चाळीस सीडी झाल्या! बाबांना म्हटलं, बघा, किती सोपं होतं. पेन ड्राइव्ह लावल्यावर एक अक्षर वाजेना. प्रत्येक फाइल १ केबीची. तुम्ही नंतर सांगितलंत की त्या .सीडीए फाइलींत गाणं नसतंच, गाणं डिस्कवर कुठे सुरू होतं त्याचा नुसता पत्ता असतो. म्हणजे मी पंगतीला जेवण न वाढता नुसत्या पत्रावळी मांडल्या होत्या.

मग एका मोठ्या शहरातला स्टुडिओ. त्यांचं नाव घेत नाही. खोकं भरून दिलं, तीन महिने फोन केले, दर वेळी “होऊन जाईल मॅडम”. शेवटी सगळं १२८ च्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या, एमपीथ्रीत करून आलं. डब्या उलटसुलट, काहींची झाकणं दुसऱ्याच डबीला. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. कोणती सीडी कुठे हे ते कपाटातल्या जागेवरून ओळखतात, वरून दुसरा खण, डावीकडून सातवी, असं. तो सगळा नकाशाच पुसला गेला. मी मागाहून दोन रात्री बसून जमेल तसा लावला.

आणि ऐकायला बसलो तर बाबा पाचव्या मिनिटाला म्हणाले, “या तंबोऱ्याची जवारी कुणी काढून घेतली?” जवारी म्हणजे तारांतून उमटणारी ती बारीक झणझण.

मी स्टुडिओला फोन लावला. “फ्लॅकमध्ये करून देऊ का? ती हाय क्वालिटी असते.” दोनच दिवसांत दोनशे बारा सीडी फ्लॅक होऊन हजर. फाइली मोठ्या झाल्या, जवारी काही आली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ज्यांना आधी तीन महिने लागले त्यांना आता दोन दिवस कसे पुरले?

तुम्ही त्यातली एक फाइल लावलीत, स्क्रीनवर आवाजाचं चित्र काढलंत आणि बोट ठेवलंत. खाली सगळं भरलेलं आणि सोळा हजार हर्ट्झच्या आसपास वर सुरीने कापल्यासारखं कोरं. “ताई, यांनी ताकाचं दूध केलंय,” एवढंच म्हणालात. सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी ४४,१०० नोंदी असतात. १२८ च्या एमपीथ्रीत त्या माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो, बाकीचं कानाला कळणार नाही असं समजून टाकलेलं असतं. टाकलेलं परत येत नाही, मग फाइलीला फ्लॅक म्हणा नाहीतर आणखी काही. मी विचारलं, फ्लॅकसुद्धा लहानच करतो ना? तुम्ही काउंटरवरची शाल उचललीत, घडी घातलीत, उलगडून दाखवलीत. “ही फ्लॅक. जागा निम्म्याच्या आसपास, पण उलगडली की तेवढीच शाल. एमपीथ्री म्हणजे कात्री.” इतकं साधं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तोवर पाच-सहा हुशार माणसांना विचारून झाले होते.

एमपीथ्रीला तुम्ही नावंही ठेवली नाहीत, हे मला आवडलं. बाबांच्या उशाशी असतो त्या छोट्या स्पीकरला फ्लॅक वाजवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी ३२० ची वेगळी प्रत काढून दिलीत. शालू कपाटात, रोज नेसायला साधं पातळ. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक आमच्याकडे आणि एक नाशिकला भावाकडे. दोन्ही एका घरात ठेवू नका, हे तीनदा बजावलंत. पुरात कॅसेट गेलेल्या घराला खरं तर एकदा सांगून पुरलं असतं.

एका रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. मला वाटलं, झालं, काहीतरी बिघडलं. “ताई, सत्तेचाळीस नंबरवर पूरिया लिहिलंय. मला तर मारवा वाटतोय. काकांना विचारता का? एकदा फाइलीत नाव गेलं की पुढे सगळे तेच म्हणणार.” मी फोन स्पीकरवर टाकला, तुम्ही दोन मिनिटं ऐकवलंत. बाबा ताठ उठून बसले. दोन्ही रागांचे स्वर तेच, फरक कुठे थांबायचं त्याचा. “रिषभावर बसलाय बघ कसा. मारवाच. कुणी लिहिलं पूरिया?” मग अर्धा तास तुम्ही दोघं बोलत होतात आणि मी भाकऱ्या करत होते. स्टुडिओच्या यादीत त्याच गाण्याचं नाव होतं ‘ट्रॅक ०३’.

आता त्या चिठ्ठीचं. मुळात त्यासाठीच लिहायला बसले.

काम पूर्ण करून तुम्ही खोकं आणून दिलंत तेव्हा सगळ्या डब्या कपाटातल्या क्रमाने होत्या. न्यायच्या आधी तुम्ही कपाटाचा फोटो काढला होतात, तो यासाठी. मी सहज सत्तेचाळीस नंबर उघडला. आत जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड काळ्या स्केचपेनने, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं:

“ट्रॅक ३. ११ मि. २० से. ते ११ मि. २४ से. वाचता आलं नाही. तीन ड्राइव्हवर करून बघितलं. मधे काही भरलेलं नाही.”

मी ती चिठ्ठी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. दोनशे बारा सीडींतले चार सेकंद. विलंबित एकतालात चार सेकंद म्हणजे जेमतेम एक मात्रा. इकडचा तंबोरा उचलून तिकडे चिकटवला असतात तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. छोटे खड्डे तर साधा प्लेअरही आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने बुजवतो, आणि तोही काही सांगत नाही. एकाने “सगळं झालं” म्हणून माझ्या हातात ताक ठेवलं होतं, आणि तुम्ही दोन रात्री घालवून काय झालं नाही ते मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. वर बिलात दोनशे अकराच सीडी. विचारलं तर म्हणालात, “सत्तेचाळीस पूर्ण कुठे झाली?”

अशी माणसं असतात, दादा, पण ती भेटेपर्यंत आपण इतक्या जणांना पैसे देऊन बसलेलो असतो की समोर आल्यावरसुद्धा आधी संशयच येतो. गॅसवाला, नळवाला, डॉक्टर, कुणीही असो, “एवढं माझ्याकडून झालं नाही” हे वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवून बघितलं. आठवेना. स्वतः कधी म्हटलं तेही आठवेना, हे आपलं जाता जाता.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. तुम्हीच नको म्हणाला होतात.

चार सेकंद का गेले म्हटल्यावर मी लगेच स्टुडिओवर घसरले होते. त्यांना आता फोन करते, सोडत नाही, वगैरे. तुम्ही मला दुकानाच्या दारात बाजूला घेतलंत आणि डिस्क तिरपी धरून दाखवलीत. आपण जन्मभर चकचकीत बाजू जपतो. पण वरच्या, लिहायच्या बाजूला चांदीसारखा थर अगदी पातळ लाखेखाली असतो. तिथे बॉलपेनने दाबून लिहिलेलं होतं, ‘पूरिया’, खाली दोन रेघा. “हे अक्षर स्टुडिओवाल्याचं नाही, ताई. त्यांनी बाकी काहीही केलं असेल, हे नाही केलं. आणि काकांना सांगायची गरज नाही.” म्हणून चिठ्ठीत कारण नव्हतं. बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही, “काका, वीस वर्षं झाली तिला,” म्हणालात, आणि तेही खोटं नव्हतंच.

परवा संध्याकाळी बाबांनी सत्तेचाळीस लावायला सांगितली. जवारी होती. विलंबितात ते हातावर मात्रा मोजत होते. अकरा वीस आलं, आवाज गेला, बाबांचं बोट न थांबता पुढच्या मात्रेवर गेलं, आणि गाणं परत आलं ते बरोबर तिथेच. मी काहीच बोलले नाही.

संपल्यावर म्हणाले, डबी दे. डिस्क काढली, खिडकीशी नेली. दिसत तर नाहीच त्यांना, म्हणून वरच्या बाजूवर अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. एकदा, मग परत. मग हसायलाच लागले.

“त्या स्पीकरवाल्याला पत्र लिहितेस ना? मग हेही लिही. स्टुडिओने नाही, मीच घालवले चार सेकंद. रागाचं नाव चुकीचं लिहिलं, आणि तेही दाबून.”

लिहिलं. सत्तेचाळीसचे पैसे सोबतच्या पाकिटात आहेत. बाबांनी पाठवलेत, परत केलेत तर तुम्हीच त्यांच्याशी बोला.

तुमची,
दोनशे बारा सीडीवाल्या काकांची मुलगी