संगणक मोजून घेता, चालतात का ते कधी पाहणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांपुढे एकच प्रस्ताव फिरू लागला: जुने संगणक काढा, नवे घ्या. तीस संगणकांची एक प्रयोगशाळा बदलायची, तर कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाची कित्येक वर्षांची शिल्लक एका कोटेशनात संपते. आम्ही वेगवेगळ्या महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा, नेटवर्क आणि कार्यालयीन यंत्रणा सांभाळतो. विद्यार्थ्याला संगणक मिळत नाही, याचे कारण बहुतेक ठिकाणी संगणक कमी आहेत हे नसते; बंद पडलेला संगणक ठरावीक दिवसांत सुरू करून देणारी व्यवस्था नसते, हे असते. त्या व्यवस्थेचा खर्च खरेदीच्या मानाने फार थोडा आहे. म्हणून खरेदीआधी काय करता येईल ते तपशिलाने लिहीत आहोत.

प्रथम असलेल्या संगणकांची तीन गटांत वर्गवारी करावी. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे संगणक, म्हणजे साधारण २०१८ नंतर घेतलेले, विंडोज ११ घेतात. त्यातले काही 'अपात्र' दिसतात, कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षा-सुविधा बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने सापडते. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर विंडोजमध्येच असलेल्या 'एमबीआर टू जीपीटी' या आज्ञेने डेटा न पुसता ती बदलता येते. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ही आज्ञा नकार देते, आणि बदलानंतर बायोसमध्ये सुरू होण्याची पद्धत जुन्या 'लेगसी'वरून नव्या 'यूईएफआय'वर न्यायची राहिली तर संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी 'डिस्क गेली' असा निष्कर्ष काढून संगणक बाजूला ठेवला जातो. बॅकअप मात्र आधी घ्यावाच.

दुसरा गट चौथ्या ते सातव्या पिढीचा. या संगणकांचा प्रोसेसर पुरेसा असतो. रडते ती फिरती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडा, काही काम चालू नसतानाही डिस्क शंभर टक्के दिसेल. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि एकूण ८ जीबी रॅम टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत प्रणालीची दीर्घ सपोर्टची आवृत्ती घातली, की सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल, लिबरऑफिस यांसाठी हा संगणक आणखी काही वर्षे निर्धास्त चालतो. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत मोफत अद्ययावतीकरण आहे. अडचण येते ती टर्बो सी या जुन्या, लिनक्सवर थेट न चालणाऱ्या कंपायलरची. अभ्यासक्रम जीसीसी या मोफत कंपायलरवर सहज शिकवता येत असताना केवळ प्रात्यक्षिकाच्या जुन्या वह्यांसाठी टर्बो सी धरून ठेवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. वाणिज्य शाखेत टॅली लागते, तिथे विंडोज ठेवावेच लागेल. त्या मोजक्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा सेवा शैक्षणिक संस्थांना पहिल्या वर्षी एका संगणकामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर या दराने मिळते. तेवढ्याने ऑक्टोबर २०२८ पर्यंतचा वेळ मिळतो. तिसऱ्या गटातले, २ जीबी रॅमचे आणि त्याहून जुने संगणक सुट्या भागांसाठी ठेवावेत.

तीस संगणकांवर एकेक करून सॉफ्टवेअर घालण्यात आठवडा जातो. एक संगणक पूर्ण तयार करून क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती बाकीच्यांवर उतरवावी. यात नेहमी तीन ठिकाणी अडते. २५६ जीबीच्या डिस्कवरून घेतलेली प्रतिमा २४० जीबीच्या डिस्कवर उतरत नाही, म्हणून एसएसडी एकाच मापाच्या घ्याव्यात. विंडोज ११ ने परस्पर डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर रिकामी जागासुद्धा जशीच्या तशी उचलली जाते आणि प्रतिमा अवाढव्य होते. हे कुलूप, म्हणजे बिटलॉकर, आधी बंद करावे. आणि उतरवल्यानंतर प्रत्येक संगणकाचे नाव बदलावे, नाहीतर एकाच नावाचे तीस संगणक नेटवर्कवर भांडतात. विंडोजची प्रतिमा घेण्याआधी सिसप्रेप, म्हणजे त्या संगणकाची खास ओळख पुसणारे विंडोजमधलेच साधन, चालवणेही आवश्यक आहे. ही प्रतिमा दर सत्राच्या सुरुवातीला ताजी करून ठेवली, तर बिघडलेला संगणक अर्ध्या-पाऊण तासात पूर्ववत होतो.

उन्हाळी सुट्टीनंतर, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, निम्मी प्रयोगशाळा 'डिस्प्ले येत नाही' म्हणून बंद दिसते. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. वीज पूर्ण काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्टी स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने घासावी, चुरा झटकावा आणि रॅम घट्ट बसवावी. बहुतेक संगणक तिथेच सुरू होतात. दुसरा नेहमीचा दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या बटणाएवढ्या सेलचा. तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की संकेतस्थळाची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. विद्यापीठाचे परीक्षा पोर्टल उघडत नाही, इंटरनेटवाल्याला फोन होतात, राउटर बदलला जातो. दोष असतो किरकोळ किमतीच्या सेलचा. परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक संगणकाची तारीख पाहणे हा नियमच करावा.

विजेबाबत एक हिशेब. एलईडी मॉनिटरसह एक संगणक साधारण १०० वॉट घेतो, म्हणजे तीस संगणकांना ३ किलोवॉट. ०.८ पॉवर फॅक्टरचा ५ केव्हीए यूपीएस ४ किलोवॉट देतो, म्हणजे पुरतो. पण त्याच लाइनवर कोणी लेझर प्रिंटर लावला, की तो तापताना हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि सगळी खोली अंधारात जाते. प्रिंटर थेट मेनवरच असावा. बॅटऱ्या एकत्रच बदलाव्यात. जुन्या-नव्या मिसळल्या तर नव्याही लवकर मरतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग तपासावे. मार्च ते मे अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि याच काळात एसएमपीएस, म्हणजे संगणकातले वीजपुरवठ्याचे डबे, जास्त जातात. त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी घालणे हे शिपायाच्या कामाच्या यादीत लेखी असावे.

वाय-फायची तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिच्यावरचा उपाय सर्वांत जास्त चुकतो. 'कनेक्ट होते, पण नेट चालत नाही' असे विद्यार्थी सांगतात, म्हणून व्यवस्थापन लाइनचा वेग वाढवून घेते. आधी त्या लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर वेगाचा संबंधच नाही. यंत्राला पत्ताच मिळालेला नाही. घरगुती धाटणीच्या राउटरवर जास्तीत जास्त २५० च्या आसपास पत्ते असतात आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवला जातो. सकाळच्या सत्रातल्या मुलांचे फोन घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकलेले, आणि दुपारच्या सत्राला काही उरत नाही. उपाय दोन: पत्त्यांचा पट्टा वाढवून हजाराच्या घरात न्यावा आणि राखण्याची मुदत दोन तासांवर आणावी. दोन्ही सेटिंगमध्ये होते. एक पैसाही लागत नाही.

कधी पत्ता मिळतो, पण वेगळ्याच मालिकेतला. म्हणजे कोणीतरी विभागात स्वतःचा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये महाविद्यालयाची तार खोचली आहे आणि तोही पत्ते वाटतो आहे. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परके पत्तेवाटप रोखणारी सोय, चालू केली की हे थांबते. एकाच तारेची दोन्ही टोके एका स्विचमध्ये गेली तर पूर्ण इमारत बंद पडते. त्यासाठी स्विचमधले लूप प्रोटेक्शन चालू ठेवावे. अ‍ॅक्सेस पॉइंट २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६, ११ याच चॅनेलवर आलटून-पालटून लावावेत आणि तारेची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी. ज्या महाविद्यालयांत फोनचा मॅक पत्ता (यंत्राचा मूळ ओळख क्रमांक) नोंदवून प्रवेश देतात, तिथे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता लपवतात, हे लक्षात घ्यावे. विद्यार्थ्यागणिक नाव आणि पासवर्ड देणे हाच टिकाऊ मार्ग. अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था चालवत असलेल्या एज्युरोम या शैक्षणिक संस्थांच्या सामाईक वाय-फाय सेवेचे सदस्यत्व घेतले, तर त्याच खात्यावर विद्यार्थ्याला दुसऱ्या सदस्य संस्थेतही वाय-फाय मिळते.

आता विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाबद्दल. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज हे ग्रामीण विद्यार्थ्यासाठी तंत्रज्ञानाचे सर्वांत महत्त्वाचे काम असते, आणि तिथेच त्याला सायबर कॅफेत पाठवले जाते. पैसे अडकण्याचे मुख्य कारण असे: खात्याला आधार 'जोडलेले' असणे पुरेसे नाही, ते एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत सीड झालेले, म्हणजे सरकारी रक्कम जमा करण्यासाठी त्या खात्याशी नोंदलेले लागते. एका वेळी एकच खाते सीड राहते. विद्यार्थ्याने नंतर दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचे खाते उघडले आणि तिथे संमती दिली, की रक्कम त्या नव्या खात्यात जाते आणि तो जुन्या पासबुकात शोधत बसतो. माय-आधार पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी ती पाहून घ्यावी. ओटीपी वडिलांच्या बंद झालेल्या सिमवर जात असेल, तर आधार केंद्रात मोबाइल क्रमांक बदलणे हे पहिले काम, अर्ज नंतर. अपार (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्‌स (श्रेयांकांचे ऑनलाइन खाते) यांमध्ये नाव जुळत नाही, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी. प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही कागद समोर ठेवून स्पेलिंग तपासले, तर तिसऱ्या वर्षातली धावपळ वाचते. आणि कळकळीची विनंती: मुलांच्या आधारकार्डांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागवू नका.

शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही आधाराची तितकीच गरज आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना लागू केली, निकाल लांबले आणि त्याचा भार विद्यार्थ्यांनी सोसला. नवी प्रणाली येण्याआधी सरावाचे दोन दिवस आणि फोन उचलणारा एक माणूस हवाच. कार्यालयात अजूनही जुन्या फॉन्टमध्ये पत्रे टंकली जातात. ती दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतात, शोधता येत नाहीत आणि अंध विद्यार्थ्याचे एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड हा आग्रह प्राचार्यांनी धरावा. नोट्‌सचे फोटो काढून केलेली पीडीएफही अशीच मुकी असते. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर छापील मराठी मजकूर ओळखते. हस्तलिखितावर त्याची भिस्त ठेवू नये.

प्रवेश आणि हिशेबाच्या डेटाच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक संगणकाला कायम जोडलेली नसावी, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही बंद करते. महाविद्यालयाच्या डोमेनवरचे गुगल वर्कस्पेस शैक्षणिक संस्थांना मोफत आहे, १०० टीबी सामाईक जागेसह. पण सुपर अ‍ॅडमिनचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड एकाच प्राध्यापकाकडे असतो, त्यांची बदली होते आणि सगळे खोळंबते. असे अधिकार दोघांकडे असावेत. इन्फ्लिबनेट या केंद्राची एन-लिस्ट ही ई-पुस्तके व नियतकालिकांची सेवा बऱ्याच ग्रंथालयांनी घेतलेली आहे, मात्र नव्या विद्यार्थ्यांची नावे चढवलेली नसतात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लिबरऑफिस आणि लिनक्स मराठीतून शिकवते, तेही मोफत. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत यासाठी एक पान द्यावे.

हे सारे करायला एक नेमलेला माणूस, एक तक्रार नोंदवही आणि एक पेटी लागते. नोंदवहीत संगणक क्रमांक, तक्रार, तारीख, काय केले, तक्रार कधी मिटली, एवढे रकाने. पेटीत दोन एसएमपीएस, दोन एसएसडी, चार रॅम, दहा सेल, पाच कीबोर्ड-माउस, पन्नास आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क तारेची टोके), ती बसवायचे क्रिम्पिंग टूल, लॅन टेस्टर, मल्टिमीटर आणि एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर. वार्षिक देखभाल करार करणार असाल, तर सुटे भाग त्यात आहेत की नुसती मजुरी, आणि किती तासांत माणूस येणार, हे लिहून घ्यावे. पैसे तिमाहीअखेर, नोंदवही पाहून द्यावेत.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर विचारले गेले. त्यामुळे वर्षानुवर्षे आकडा फुगवण्यासाठी बंद संगणकही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) जिवंत राहिले. विद्यापीठाच्या समित्यांना आमची विनंती आहे, की भेटीच्या दिवशी मागील तीन महिन्यांची तक्रार नोंदवही मागावी आणि आपल्या पसंतीचे कोणतेही पाच संगणक सुरू करून पाहावेत. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयांनी निर्लेखनाचे, म्हणजे निकामी सामान नोंदीतून काढण्याचे, प्रस्ताव ठरावीक मुदतीत निकाली काढावेत. तसे झाले, तर कोपऱ्यात रचून ठेवलेले सांगाडे ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जातील. तिथे पाठवण्याआधी त्यांतल्या हार्ड डिस्क काढून घ्याव्यात. त्यांत विद्यार्थ्यांची माहिती असते.

आपले,
महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळा सांभाळणारे काही तंत्रज्ञ
सातारा, सांगली व रत्नागिरी जिल्हे